कामाचा लॅपटॉप कोरा करताना

कामाचा लॅपटॉप पाच-सहा वर्षे वापरला की तो एका ठरावीक अवस्थेला पोहोचतो. डेस्कटॉपवरचे मूळ चित्र आयकॉनांखाली दिसेनासे होते, 'न्यू फोल्डर'पुढे कंसात सतरा आकडा येतो, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल साहेबांनी तपासलेली' या तीन फाइलींपैकी खरी शेवटची कोणती हे कोणालाच ठाऊक नसते, आणि सकाळी यंत्र सुरू करून चहा घेऊन परत आले तरी पडद्यावर अजून चक्रच फिरत असते. मग शेजारच्या टेबलावरून कोणीतरी सांगते, "फॉरमॅट मारून टाका, नव्यासारखा होईल." हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो; फक्त तो देणाऱ्याचे त्या लॅपटॉपवर काहीच नसते.

लॅपटॉप कोरा करताना दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. जे गेले असे आपण धरून चालतो ते यंत्रात कुठेतरी शिल्लक राहते, ही एक. आणि जे ठेवले आहे अशी आपली खात्री असते ते नाहीसे झालेले असते, ही दुसरी. दोन्हींची उदाहरणे खुद्द विंडोजच्या इतिहासात सापडतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांतील फाइली पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. याच्या उलट, फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने मान्य केले की सर्व काही काढून टाकण्याचा पर्याय निवडून रीसेट केल्यावरही, वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावरून यंत्रावर उतरवलेल्या काही फाइली मागे राहू शकतात; त्यावरची दुरुस्ती मार्चमध्ये आली. या लेखात जे पुढे येते ते या दोन भीतींना धरूनच आहे.

यंत्र कोणाचे

सुरुवात एका रुक्ष प्रश्नाने करावी लागते. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल, तर त्यावरची कामाची माहितीही सहसा कंपनीचीच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाची किंवा त्याचा ताबा असलेल्या व्यक्तीची परवानगी न घेता त्यातील माहिती नष्ट केली किंवा पुसली, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राजीनामा दिल्यावर शेवटच्या दिवशी "सगळे साफ करून देतो" असे म्हणणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असला तरी ते काम त्याने परस्पर करू नये. शिवाय मोठ्या कंपन्यांतील लॅपटॉपची नोंद बहुधा कंपनीच्या व्यवस्थापन यंत्रणेत असते. तो कितीही कोरा केला तरी पुन्हा सुरू होऊन इंटरनेटला जोडला गेला, की पहिल्या काही पडद्यांतच कंपनीचे नाव आणि लॉगिनची चौकट समोर येते. तिथे आयटी विभागाला एक मेल लिहिणे हाच सरळ मार्ग आहे, आणि बऱ्याचदा ते लोक हे काम दूर बसून करूनही देतात.

यंत्र स्वतःचे आणि व्यवसायही स्वतःचा असला, तरी पुसण्याचे स्वातंत्र्य पूर्ण नसते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात आणि कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या किमान आठ आर्थिक वर्षांच्या ठेवाव्या लागतात. हिशेबाचा लॅपटॉप पुसणे हे त्यामुळे घरातले कपाट आवरण्यासारखे खासगी काम राहत नाही.

फॉरमॅटने नेमके काय बरे होते

कोरे करण्याने सॉफ्टवेअरचा गाळ निघतो. वर्षानुवर्षे टाकलेले आणि विसरलेले प्रोग्राम, एकावर एक चढवलेले दोन अँटिव्हायरस, प्रिंटरबरोबर आलेल्या आणि दर वेळी आपोआप सुरू होणाऱ्या सोयी, ब्राउझरमध्ये कधी शिरली ते न कळलेली एक्स्टेन्शन्स, हे सारे एका फटक्यात जाते. परंतु यंत्राची रॅम चार जीबी असेल, आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल किंवा पंख्यात धूळ साचून ते तापत असेल, तर फॉरमॅटनंतरचे पहिले पंधरा दिवस बरे जातात आणि मग पूर्वीचेच रडगाणे सुरू होते. म्हणून आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि काम अडत असताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांच्या आसपास अडकले आहे ते पाहावे. फिरती डिस्क सतत शंभरावर असेल, तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्याने जो फरक पडतो तो दहा वेळा फॉरमॅट करूनही पडत नाही. तीच डिस्क अधूनमधून टकटक आवाज करत असेल, तर ती शेवटचे दिवस मोजते आहे असे समजून आधी माहिती बाहेर काढावी, बाकीचा विचार नंतर करावा.

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे यंत्र पुसायचेच ठरले असेल, तर ते विंडोज ११ च्या अटींत बसते का हे याच वेळी तपासावे. त्या अटींपैकी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा तिची सोय अनेक जुन्या यंत्रांत नसते, आणि काही यंत्रांत ती असूनही बंद करून ठेवलेली असते.

काय कुठे दडलेले असते

खरे काम इथे आहे. पुसण्याचे बटण दाबून नवे विंडोज उभे राहायला काही तास पुरतात. पण या यंत्रावर असे काय आहे जे जगात दुसरीकडे कुठेही नाही, हे शोधायला मी स्वतः एक आठवडा देतो. एका बैठकीत हे होत नाही, कारण अनेक गोष्टी त्यांची गरज पडल्याशिवाय आठवतच नाहीत. टेबलावर एक कागद ठेवून, आठवडाभर काम करताना जो प्रोग्राम, जी फाइल, जो पासवर्ड वापरला तो त्यावर लिहीत जाणे ही साधी युक्ती मला कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

आपल्याकडे संगणक विकणारा बहुधा डिस्कचे दोन भाग करून देतो आणि बजावून सांगतो की कामाचे सगळे डी ड्राइव्हमध्ये ठेवा, म्हणजे फॉरमॅट केले तरी हात लागणार नाही. सल्ला योग्य आहे, पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर मुद्दाम हलवले नसतील तर सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि माणूस रोजचे काम नेमके डेस्कटॉपवर टाकतो. "माझे सगळे डीमध्ये आहे" असे ठामपणे सांगणाऱ्यांचे चालू महिन्याचे काम मी एकापेक्षा जास्त वेळा सीमध्ये पाहिले आहे. दुसरे असे की दोन भाग असले तरी डिस्क एकच असते. ती बिघडली की दोन्ही भाग एकदमच जातात. डी ड्राइव्ह ही सोय आहे, बॅकअप नव्हे.

सी ड्राइव्हमध्ये वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात 'ॲपडेटा' नावाचा एक फोल्डर असतो जो एरवी दिसत नाही. आउटलुकमधील सह्या, एक्सेलमध्ये स्वतःसाठी बनवून ठेवलेले मॅक्रो, वर्डचा स्वतः बदललेला मूळ साचा, शब्दकोशात भरलेले शब्द, पडद्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या, अशा कितीतरी गोष्टी त्याच्या पोटात असतात. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू केल्यावरच तो फोल्डर हाती लागतो, आणि 'माझ्या फाइली ठेवा' असे सांगून रीसेट केले तरी या गोष्टींवर विसंबता येत नाही.

मेलचे प्रकरण वेगळे समजून घ्यावे लागते. आउटलुक दोन प्रकारच्या फाइली वापरते. ओएसटी ही सर्व्हरवर असलेल्या मेलची यंत्रावरची प्रत असते. ती गेली तरी पुन्हा लॉगिन केल्यावर सर्व्हरवरून नवी तयार होते. पीएसटी मात्र बहुधा स्वतंत्र पेटी असते. जुने मेल वेगळे काढून ठेवताना, किंवा पीओपी पद्धतीने मेल उतरवताना, ते या पेटीत पडतात आणि सर्व्हरवर उरतीलच असे नसते. दहा वर्षांचा पत्रव्यवहार अशा एका फाइलीत असू शकतो. आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्सच्या यादीत प्रत्येक फाइलीचा पत्ता दिसतो. त्यातील पीएसटी एकूण एक उचलाव्यात, आणि उचलण्याआधी आउटलुक पूर्ण बंद करावे.

हिशेबाच्या यंत्रावर टॅली असतेच. तिचा डेटा आकड्यांच्या नावांच्या फोल्डरांत साठवला जातो आणि त्या फोल्डरांवरून ती कोणती कंपनी आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे घाईत ते फोल्डर निरुपयोगी समजले जाण्याची शक्यता मोठी. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पत्ता पाहून घ्यावा, टॅलीतूनच बॅकअप काढावा आणि शिवाय तो मूळ फोल्डरही जसाच्या तसा उचलावा. त्याहून विसरली जाणारी गोष्ट परवान्याची आहे. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो, म्हणून पुसण्याआधी तो प्रोग्राममधूनच परत करावा लागतो. तसे न केल्यास नव्याने बसवलेली टॅली परवाना दुसरीकडे वापरात आहे असे म्हणत अडू शकते आणि महिनाअखेरीला मदत केंद्राला फोन करत बसावे लागते. डिजिटल सहीची किल्ली यूएसबी टोकनच्या आत असते, ती लॅपटॉप पुसल्याने जात नाही. जाते ते टोकनचे ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर. ही दोन्ही आधी उतरवून ठेवलेली बरी, कारण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला ती शोधण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका जागी थांबायला हवे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्याआधीची आपली पत्रे, अहवाल, लग्नपत्रिका आणि छापखान्याच्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधील सुरेखसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत. या फाइलींमध्ये प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे साठवलेली नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि त्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे रंगवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. हे फॉन्ट सहसा विंडोजच्या स्वतःच्या फॉन्ट्स फोल्डरात असतात, म्हणजे नव्या विंडोजबरोबर नक्की जाणाऱ्या जागी. 'माझ्या फाइली ठेवा' म्हटले तरी पत्र राहते आणि ते वाचण्याचे साधन जाते. ते फॉन्ट वेगळ्या फोल्डरात काढून ठेवावेत. जुन्या श्रीलिपीला लागणारे यूएसबी कुलूप कोणत्या खणात आहे तेही पाहावे. जमल्यास महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, आणि तेही पुसण्याआधी, म्हणजे मूळ मजकूर समोर ठेवून जोडाक्षरे आणि रफार नीट उतरले आहेत का हे ताडून पाहता येते. नंतर फक्त काला हातात असताना हे काम करणे म्हणजे डोळे बांधून पंगत वाढण्यासारखे आहे.

ब्राउझरमधील पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी सिंक होत असतील तर प्रश्न नाही. होत आहेत ना, हे दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर उघडून पाहावे. पासवर्ड फाइलीत काढून घेतले, तर ती फाइल उघड्या मजकुराची असते आणि काम झाल्याबरोबर ती नष्ट करावी लागते हे विसरू नये.

आता सिंकबद्दल. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह चालू असले की माणसाला वाटते सगळे वर गेले आहे. फाइलीच्या नावाजवळ ढगाचे चिन्ह असेल तर ती खरोखर वर आहे आणि यंत्रावर तिचे फक्त नाव आहे. अशी फाइल एक्स्टर्नल डिस्कवर नुसती ओढून नेताना ती आधी खाली उतरावी लागते, आणि इंटरनेट मंद असेल तर नक्कल अर्धवट राहते. दोन गोलाकार बाणांचे चिन्ह असेल, तर ती अजून वाटेत आहे. परंतु खरा धोका याहून वेगळा आहे. सिंक म्हणजे आरसा. इकडे जे कराल ते तिकडे होते. पुसण्याच्या तयारीत कोणी "वर आहेच" असे म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरातील फाइली हाताने डिलीट केल्या, तर त्या वरूनही डिलीट होतात. त्या काही काळ, वैयक्तिक खात्यात ३० दिवस, वरच्या रिसायकल बिनमध्ये मिळतात, पण ज्याला हे ठाऊकच नाही तो त्या तिथे शोधणार कसा? खात्यातून आधी साइन आउट करावे आणि मगच स्थानिक प्रतींना हात लावावा.

नक्कल आणि तिची परीक्षा

बॅकअपसाठी ३-२-१ हे सूत्र अनेक वर्षे सांगितले जाते: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर किंवा कार्यालयाबाहेर. लॅपटॉप पुसताना यातली एक प्रत आपण जाणूनबुजून नष्ट करणार असतो, म्हणून पुसण्याच्या क्षणी निदान दोन प्रती हातात असायला हव्यात. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवून पुसणारा माणूस जुगार खेळतो आहे. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत चार जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केल्यावर ती बसते.

नक्कल पूर्ण झाल्याचा पट्टा पाहून थांबू नये. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून निरनिराळ्या फोल्डरांतील दहा-बारा फाइली उघडाव्यात, एक पीएसटी आउटलुकमध्ये जोडून पाहावी, टॅलीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पूर्ववत करून शेवटचे व्हाउचर दिसते का ते पाहावे. हा अर्धा तास कंटाळवाणा असतो, पण तो या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे असे माझे मत आहे.

पुसणे म्हणजे काय होते

आता जे गेले असे वाटते ते मागे राहण्याची भीती. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला की ती गेली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात डिस्कवर फाइलींची एक नोंदवही असते. कोणती फाइल कोणत्या जागेत आहे हे तीत लिहिलेले असते. डिलीट केल्यावर त्या नोंदवहीत एवढेच होते की ती जागा आता मोकळी आहे असे मांडले जाते. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले तरी शेतातले पीक उभेच असते. नवा मालक नांगर घालेपर्यंत ते तिथेच राहते. फिरत्या डिस्कवरचा 'क्विक फॉरमॅट' हादेखील सातबाऱ्याची नवी कोरी वही घालण्याचाच प्रकार आहे. शेत तसेच असते, आणि डेटा परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर वहीकडे न बघता थेट शेत पाहत फिरतात.

हे किती सर्रास घडते हे सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि त्यांपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांवर पत्रे, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते. बड्या संस्थाही यातून सुटत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मॉर्गन स्टॅन्लीच्या शाखेकडून ३.५ कोटी डॉलर दंड वसूल केला, कारण जुनी यंत्रे निकालात काढण्याचे काम त्यांनी अशा कामाचा अनुभव नसलेल्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले होते आणि त्यातली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली होती.

फिरत्या डिस्कवर इलाज सोपा आहे: सगळ्या जागेवर एकदा नवे काहीतरी लिहायचे. पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधामुळे ३५ वेळा लिहावे लागते अशी समजूत पसरली. त्या पायऱ्या तेव्हाच्या निरनिराळ्या जुन्या डिस्क-पद्धतींसाठी होत्या. आजच्या डिस्कला सर्वसाधारण कामासाठी एक फेरी पुरते, आणि अमेरिकेच्या मानक संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

एसएसडीची गोष्ट याहून गमतीची आहे. तिच्यातील फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिणे छोट्या पानांत होते, पुसणे मात्र अशा अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्याने. शिवाय एकच गठ्ठा पुन्हा पुन्हा पुसला तर तो लवकर झिजतो, म्हणून डिस्कमधला कंट्रोलर दर वेळी नवी जागा निवडतो आणि जुनी जागा नंतर सवडीने साफ करतो. तुम्ही एखाद्या फाइलीवर नवा मजकूर लिहिला तरी जुना मजकूर दुसऱ्या गठ्ठ्यात काही काळ पडून असू शकतो, आणि वापरकर्त्याला न दिसणारी राखीव जागाही डिस्कमध्ये असते. म्हणजे वारंवार वर लिहिण्याची जुनी युक्ती इथे भरवशाची राहत नाही. दुसऱ्या बाजूने, विंडोज ७ पासून विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाचा निरोप पाठवते की अमुक पाने आता नको आहेत; कंट्रोलरने ती साफ केली की चुकून डिलीट झालेली फाइल दुकानात नेऊनही बहुधा परत मिळत नाही. एकाच डिस्कवर दोन्ही भीती अशा एकत्र नांदतात: नको असलेले गेले याची हमी नाही, आणि हवे असलेले परत मिळेल याची आशा नाही.

यावरचा सर्वांत सुंदर तोडगा पुसण्याचा नाहीच. डिस्कवरची सगळी माहिती पहिल्यापासून सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवायची आणि पुसायच्या वेळी फक्त तिची किल्ली नष्ट करायची. उरलेला मजकूर मग भरलेल्या तिजोरीसारखा राहतो, जिची किल्ली जगात कुठेच नाही. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या आणि टी२ ही सुरक्षेची चिप असलेल्या मॅकमध्ये हीच रचना आहे. मॅकच्या प्रणालीच्या मॉन्टेरी या २०२१ च्या आवृत्तीपासून 'सर्व मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' हा आदेश दिला की किल्ल्या नष्ट होतात आणि काम थोड्या वेळात संपते. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करतो. तो चालू नसेल, तर यंत्र विकण्याच्या किंवा दुसऱ्याला देण्याच्या काही दिवस आधी चालू करून डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट होऊ द्यावी, मोकळी जागा धरून, आणि मग पुसावी. मात्र बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी, कारण रीसेटच्या मध्येच यंत्राने ती मागितली आणि ती मायक्रोसॉफ्टच्या अशा खात्यात असली की ज्याचा पासवर्ड याच यंत्राच्या ब्राउझरमध्ये साठवला आहे, तर माणूस आपल्याच घराबाहेर कुलूप लावून उभा राहतो.

प्रत्यक्ष कृती

एवढे झाल्यावर उरलेले काम खरोखर थोडे आहे. लॅपटॉप चार्जरला लावावा, बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवावी (ही पायरी हास्यास्पद वाटते, पण ती डिस्क लावलेली राहिली तर चुकून तीच पुसली जाऊ शकते) आणि सेटिंग्जमधील रिकव्हरीत जाऊन 'हा पीसी रीसेट करा' निवडावे. यंत्र स्वतःकडेच राहणार असेल आणि फक्त गाळ काढायचा असेल, तरी मी फाइली ठेवण्याचा पर्याय घेत नाही. नक्कल नीट घेतली असेल तर तो लागत नाही आणि नीट घेतली नसेल तर तो वाचवेलच असे नाही. पुढे विंडोज कुठून आणायचे असे विचारले जाते. यंत्रावरच्याच प्रतीवरून बसवले तर इंटरनेट लागत नाही, पण ती प्रतच बिघडलेली असेल तर बिघाडही परत येतो. क्लाउडवरून घेतले तर साधारण चार जीबी उतरवावे लागते आणि प्रत ताजी मिळते. फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, या प्रश्नावर थांबून विचार करावा, कारण डी ड्राइव्हचे भवितव्य तिथेच ठरते. यंत्र दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर 'डेटा साफ करा' हा जास्त वेळ घेणारा पर्यायही चालू करावा.

उत्पादकाने भरून दिलेले प्रोग्रामही नको असतील, तर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज घेऊन ते नव्याने टाकता येते. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर असे करताना डिस्कच दिसत नाही अशी वेळ येऊ शकते. डिस्क गेलेली नसते, तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो. तो आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच त्या पेनड्राइव्हवर टाकून ठेवावेत. विंडोजच्या परवान्याची काळजी सहसा करावी लागत नाही. विंडोजसकट विकत घेतलेल्या यंत्रांत विंडोज ८ पासून किल्ली यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असते आणि विंडोज १० पासून परवाना यंत्राच्या ओळखीशीही जोडला जातो.

नंतर

कोऱ्या लॅपटॉपवर पहिल्याच संध्याकाळी बॅकअपमधला सगळा डोंगर परत ओतला, तर केलेले काम वाया जाते. अपडेट, ड्रायव्हर, मराठी कीबोर्ड, ब्राउझर, मेल आणि रोजचा एक मुख्य प्रोग्राम एवढ्यावर सुरुवात करावी आणि बाकीचे जेव्हा खरोखर अडेल तेव्हाच आणावे. चालू वर्षाच्या कामासाठी एक फोल्डर, बंद झालेल्या कामांसाठी एक, आणि डाउनलोड्समध्ये काहीही मुक्कामाला राहणार नाही, एवढा नियम मला पुरला.

मागच्या वेळी मी एक्स्टर्नल डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवली. पहिल्या तीन महिन्यांत ती चार वेळा काढावी लागली: एकदा आउटलुकच्या सहीसाठी, एकदा एक्सेलच्या मॅक्रोसाठी, आणि दोनदा सुरेखमध्ये टाइप केलेल्या एकाच जुन्या करारपत्रासाठी, कारण पहिल्या वेळी मी फाइल आणली आणि फॉन्ट आणायला विसरलो. डेस्कटॉपवरच्या त्या सतरा 'न्यू फोल्डरां'पैकी एकाचीही आठवण अजून झालेली नाही, पण डिस्क मी पुसलेली नाही.